जुने लुगडे, नवी पट्टी
(जुन्या मालाची विक्री, दलाली आणि कर यांचा थोडा इतिहास)

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले आणि विषयही त्यांनीच दिला. गेली काही वर्षे मी घरातल्या व ओळखीपाळखीच्या घरांतल्या जुन्या साड्या, लुगडी आणि पितळी भांडी मोबाईलवरून विकते, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. आपल्यातल्या आणखी सातआठजणीही हा उद्योग करतात. दुपारच्या बैठकीत चहाचे कप खाली ठेवले रे ठेवले की प्रश्न सुरू होतात. साडी हजाराला विकली, हाती साडेसातशे आले, मधले गेले कुठे? सरकारला यातले काही द्यावे लागते काय? घरी नोटीस आली तर मालकांना काय सांगावयाचे?

मागच्या वर्षी या भीतीपोटी आपल्यातल्या दोघींनी विक्री बंद केली. त्यांतल्या एकीच्या मुलाची शिकवणीची फी या पैशांतून निघत होती. फी थांबली नाही. ती आता घरखर्चातून ओढून काढावी लागते. ज्या गोष्टीने आपल्या हातचे चार पैसे जातात, ती गोष्ट नीट समजून घ्यावी असे तेव्हापासून माझ्या मनाने घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु वाचनालयातली पुस्तके चाळून आणि ओळखीच्या करसल्लागारांना विचारून जे उमगले, ते सांगत्ये. एक गोष्ट मात्र प्रथमच सांगावीशी वाटते. यातले फारसे काही नवे नाही. आपल्या आजी-पणजीला हे सारे वेगळ्या नावांनी माहीत होते.

बोहारीण आणि जुना बाजार

जुने कपडे विकणे हा आपल्याकडे मुळात बायकांचाच व्यवहार. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत कपड्यांचे गाठोडे घेऊन बोहारीण दारात येई. उंबऱ्याच्या आत घरधनीण, उंबऱ्याबाहेर बोहारीण, आणि मध्ये जुनी लुगडी, धोतरे, कोट. एका पातेल्यासाठी तास तास घासाघीस चाले. आधी पितळेची भांडी मिळत, पुढे स्टेनलेसची आली, मग प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. पुरुषमाणसे त्यात पडत नसत. घरातल्या बाईला कोणाला न विचारता करता येण्याजोगे जे थोडे व्यवहार होते, त्यांतला हा एक.

हे कपडे पुढे वाया जात नसत. ते निवडले जात, धुतले जात, शिवले-सांधले जात आणि बाजारात विकले जात. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरत आला आहे. मुंबईत भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार प्रसिद्धच आहे. जरीच्या लुगड्यांची गोष्ट वेगळी. खऱ्या जरीत चांदी असे, म्हणून जीर्ण पैठणीची जर वजनावर विकत घेणारे लोक होते. ते जर जाळून त्यातली चांदी काढीत. कितीतरी सुंदर पदर असे मुशीत गेले. आज तोच पदर कोणी हौसेने चांगले पैसे मोजून घेतो, हे पाहून मला खरोखर बरे वाटते.

आता यातला हिशेब पाहा. बोहारीण लुगड्याच्या बदल्यात जे पातेले देई, त्याची किंमत लुगड्याच्या पुढच्या किमतीपेक्षा कमीच असे. मधला फरक ही तिची मजुरी होती. उन्हातान्हातली पायपीट, गाठोड्याचे ओझे, फाटके निघाले तर तिचे नुकसान, हे सारे त्या फरकात आले. ती आपल्याला पावती देत नसे, म्हणून तिचा कापलेला भाग आपल्याला दिसत नसे एवढेच. मोबाईलवरची पेठ तोच भाग कागदावर लिहून दाखविते, आणि लिहिलेले दिसले की आपल्याला ते टोचते.

पट्टी वाचणे

मी शेतकऱ्याची मुलगी. माझे वडील कांदा घेऊन पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जात, आणि परत आले की खिशातून आडत्याची पट्टी काढीत. वडिलांची दृष्टी अधू होती, म्हणून ती पट्टी मला मोठ्याने वाचावी लागे. वर वजन आणि भाव, खाली एकूण रक्कम. मग हमाली, तोलाई, आडत आणि मोटारभाडे वजा. आणि सर्वांत शेवटी हातात पडलेली रक्कम. वडील शेवटचा आकडा आधी विचारीत नसत. एक एक रकान्याचे नाव ऐकत आणि ‘हं’ म्हणत. पट्टीचा खालचा आकडा आडत्याचा असतो, रकाने आपले असतात, असे ते म्हणत.

आडत म्हणजे माल विकून देण्याबद्दलची दलाली. ती कोणाच्या खिशातून जावी, यावरून आपल्या राज्यात वर्षानुवर्षे वाद झाले. १९६३ साली महाराष्ट्रात कृषि उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा झाला आणि बाजारातल्या अशा वजावटींवर नियम आले. पुढे जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे शासनाने ठरविले. सांगण्याचा मतलब असा की विकून देणाऱ्याला मोबदला लागतोच; तो किती, आणि तो कोणी सोसावयाचा, हाच खरा प्रश्न. मोबाईलवरच्या पेठेलाही हाच प्रश्न विचारावा.

टपालाची गोष्टही अशीच आहे. माल आधी पाठवावा आणि पोस्टमनने तो देऊन पैसे वसूल करावे, ही व्ही.पी.ची सोय आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली, आणि १८८० साली पोस्टाने मनिऑर्डरीचे काम हाती घेतले. पुस्तके, औषधे, बी-बियाणे अशा कितीतरी वस्तू व्ही.पी.ने खेड्यापाड्यांत पोचल्या. घेणाऱ्याने पार्सल नाकारले की ते परत येई, आणि जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्याला बसे. आज ‘माल पोचल्यावर पैसे’ म्हणतात आणि ‘परत आलेला माल’ म्हणतात ते दुसरे काय आहे?

जकात, पेठ आणि कौल

आता दलालाकडून सरकाराकडे वळू. पूर्वी माल एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना वाटेत जकात द्यावी लागे. जकातीचा मक्ता दिला जाई, आणि मक्तेदार आपले पैसे वसूल करी. त्याशिवाय दुकानदार, विणकर, तेली, सोनार यांच्या धंद्यावर मोहतर्फा नावाचा कर असे. मात्र राज्यकर्त्यांना नवी पेठ वसवावयाची असली की ते व्यापाऱ्यांना कौल देत, म्हणजे पहिली काही वर्षे कर माफ अथवा कमी. पेठ भरली, लोक रुळले, की कराची आकारणी सुरू होई. ही कौलाची रीत वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

इंग्रज सरकारने १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातले शहरांतले असे जकातीवजा कर आणि धंद्यांवरचे कर रद्द केले. परंतु जकात निराळ्या रूपाने नगरपालिकांकडे आली आणि नाक्यांवर बसली. आपल्यापैकी ज्या चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांना शहरात शिरताना ट्रकांच्या रांगा लागलेल्या आठवत असतील. महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. पुणे महापालिकेने १ एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी स्थानिक संस्था कर घेतला. ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तोही १ ऑगस्ट २०१५ पासून माफ झाला. मुंबईची जकात सर्वांत शेवटी, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेली.

मिळकतीवरचा कर

कराची दोन घराणी आहेत, आणि आपला सारा गोंधळ ही दोन घराणी एक समजल्याने होतो. एक घराणे मिळकतीवरच्या कराचे, दुसरे विक्रीवरच्या कराचे. पहिले विचारते, ‘तुमच्यापाशी शेवटी उरले किती?’ दुसरे विचारते, ‘तुम्ही विकले किती?’

१८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली. ती भरण्यासाठी जेम्स विल्सन नावाचे अर्थमंत्री विलायतेहून आले आणि त्यांनी १८६० साली आपल्या देशात पहिला आयकर बसविला. वर्षाला २०० रुपयांपर्यंत मिळकत असणाऱ्यास तो माफ होता. विल्सनसाहेब त्याच वर्षी कलकत्त्यास वारले. तो कर पाच वर्षांपुरता होता, म्हणून १८६५ साली संपला. त्यानंतर कधी लायसन्स टॅक्स, कधी आयकर अशी धरसोड चालली. १८७८ च्या लायसन्स टॅक्सने लहान दुकानदार फार त्रासले आणि सुरतेस त्यावरून दंगाही झाला. १८८६ च्या कायद्याने आयकर कायमचा झाला. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले आणि ५०० रुपयांच्या आतल्यांना माफी दिली. पुढे १९२२ चा कायदा झाला, मग १९६१ चा झाला. त्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा मंजूर होऊन तो १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हावयाचा असे ठरले.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट टिकून राहिली. लहान मिळकतीला माफी. पहिल्या दिवसापासून सरकारला ठाऊक होते की पै-पैशाचा कर वसूल करण्यात वसुलीचाच खर्च अधिक होतो. २०२५-२६ या वर्षाकरिता नव्या पद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नाला कर नाही, आणि सवलत धरता नेहमीच्या प्रकारच्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरही कर भरावा लागत नाही. काही वर्षे स्त्रियांना माफीची मर्यादा पुरुषांपेक्षा जास्त होती. २०११-१२ मध्ये पुरुषांस १ लाख ८० हजार आणि स्त्रियांस १ लाख ९० हजार होती. २०१२-१३ पासून ती वेगळी मर्यादा राहिली नाही.

जुन्या वस्तूंबद्दल या कायद्यात एक शहाणपणाची गोष्ट फार वर्षांपासून आहे. स्वतःच्या वापराची जंगम वस्तू, म्हणजे आपले कपडे, भांडी, कपाट, शिवणयंत्र ही विकून आलेल्या पैशांवर आयकर नाही. तो नफा नव्हेच. बहुधा विकत घेतली त्याहून कमीच किमतीला ती जाते. परंतु दागिने, चित्रे, मूर्ती व कलेच्या वस्तू या सवलतीत येत नाहीत. सोने विकून फायदा झाला तर तो हिशेबात धरावा लागतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे २४ महिन्यांहून अधिक काळ जवळ असलेल्या सोन्याच्या फायद्यावर साडेबारा टक्के दर आहे.

आणि आपणच विकण्यासाठी साडी विकत आणली, तर ती ‘वापराची वस्तू’ राहत नाही, माल होतो. त्यात जे उरेल ते धंद्याचे उत्पन्न. हौस म्हणून करते, असे म्हटल्याने त्यात फरक पडत नाही. एक लुगडे आजीचे आणि दुसरे बाजारातून आणलेले, दोन्ही एकाच कपाटात असली तरी कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळ्या जातींची आहेत. म्हणून वही दोन भागांत करावी, हे माझे पहिले सांगणे.

बायकांसाठी यात आणखी एक अडसर आहे. नवऱ्याने बायकोला पैसे बक्षीस द्यावेत आणि त्यावरचे उत्पन्न तिच्या नावे दाखवून कर वाचवावा, असे श्रीमंत घरांत होऊ लागले. तेव्हा १९३७ च्या दुरुस्तीने ते उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवावयाचे असे ठरले, आणि तो नियम पुढच्या कायद्यांतही चालत आला. म्हणून आपल्या या उद्योगाला भांडवल कोणाचे, हे लिहून ठेवणे बरे. आजीची लुगडी, माहेरून मिळालेले पैसे, आधीच्या विक्रीतून साठलेले पैसे हे आपले. त्यावर जे मिळेल ते आपले स्वतःचे.

विक्रीवरचा कर

दुसऱ्या घराण्याचा कर आपल्याकडे उशिरा आला. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ साली पेट्रोलच्या विक्रीवर कर बसला, १९३९ साली मद्रास प्रांताने सर्व मालावर विक्रीकर बसविला, आणि मुंबई प्रांतात तो १९४६ साली आला. पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा १ जानेवारी १९६० पासून लागू झाला. त्याने पंचेचाळीस वर्षे राज्य केले. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर.

हा शेवटचा कर आला त्या महिन्यात जुन्या वस्तूंवरून मोठा घोळ झाला. घरचा जुना दागिना सोनाराला विकला तर त्यावर ३ टक्के कर, अशी बातमी पसरली आणि घरोघर बायकांनी डोक्याला हात लावला. परंतु १३ जुलै २०१७ रोजी सरकारने खुलासा केला की घरची व्यक्ती आपला जुना दागिना विकते तेव्हा ती धंदा करीत नसते, म्हणून हा कर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या मोटारींवरूनही असेच झाले. धंदेवाईक विक्रेत्याच्या फरकावर १८ टक्के कर ठरला आणि लोकांना वाटले की शेजाऱ्याला जुनी गाडी विकली तरी तो द्यावा लागणार. तसे नव्हते. एका घराने दुसऱ्या घराला विकलेल्या जुन्या गाडीवर तो कर नाही.

धंदा करणाऱ्यांनाही उलाढालीची मर्यादा आहे. आपल्या राज्यात नुसत्या मालाच्या विक्रीसाठी ती १ एप्रिल २०१९ पासून वर्षाला ४० लाख रुपये झाली. मग भीती कसली? भीती मोबाईलमुळे आली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जी मर्यादा, ती मोबाईलवरच्या पेठेतून विकणाऱ्याला मिळत नसे. पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी, असा नियम होता. चार साड्या विकणारी बाई आणि चार कोटींचा व्यापारी एकाच रांगेत उभे होते. लहान विक्रेत्यांनी यावर पुष्कळ गाऱ्हाणी मांडली. शेवटी १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या विक्रेत्यांना नोंदणीवाचून या पेठांतून माल विकण्याची मुभा मिळाली. अटी दोन ध्यानात ठेवाव्या : माल आपल्याच राज्यात विकावयाचा, आणि आपला पॅन देऊन सरकारी संकेतस्थळावर एक नावनोंदणी क्रमांक घ्यावयाचा. म्हणजे पुण्याहून नागपूरला साडी गेली तर चालते. पुण्याहून बेळगावला गेली तर नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. बेळगाव आपल्याला कितीही जवळचे वाटले तरी कराच्या नकाशावर ते कर्नाटकात आहे.

मोबाईलवरची पेठ

आता या नव्या पेठेचा जन्म सांगत्ये. १९९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत पिएर ओमिड्यार नावाच्या तरुणाने संगणकावरून लिलावाची एक जागा उघडली. तीच पुढे ईबे झाली. तिथे पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझरचा दिवा. १४ डॉलर ८३ सेंटला तो गेला. मोडका असल्याचे घेणाऱ्याला माहीत होते. त्याला मोडकेच हवे होते! जुन्या बाजारात फिरलेल्या बाईला यात नवल वाटणार नाही.

आरंभी तिथे काही फी नव्हती. गर्दी वाढली, जागा चालविण्याचा खर्च वाढला, तेव्हा १९९६ साली विक्रीवर टक्केवारी सुरू झाली. आपल्याकडे मुंबईत २००० साली बाझी डॉट कॉम निघाली, ती २००४ साली ईबेने विकत घेतली, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेची ती भारतीय पेठ बंद झाली. दरम्यान २००६ साली ओएलएक्स आणि २००८ साली क्विकर आली. जाहिरात फुकट द्या आणि आपसांत भेटून व्यवहार करा, अशी त्यांची रीत. २०१५ साली मीशो निघाली आणि घरबसल्या विकणाऱ्या हजारो बायका तिच्यावर आल्या. तिने २०२१ साली विक्रेत्यांचे कमिशन काढून टाकले. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि मोबाईलवरून पैसे घेणे सोपे झाले.

आठवली ना कौलाची रीत? पेठ वसवावयाची तर आधी माफी, लोक रुळले की आकारणी. म्हणून आज जिथे फी नाही तिथे उद्या ती लागू शकते, आणि एका नावाने गेली तरी दुसऱ्या नावाने येऊ शकते. कमिशन नसले तरी वाहतूक असते, जाहिरात असते, परत आलेल्या मालाचे भाडे असते. मला स्वतःला एका पेठेने परत आलेल्या साडीचे जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही भाडे लावले. नियमांच्या लांबलचक पानात ते लिहिलेले होते, पण कोणत्या गृहिणीला ते पान शेवटपर्यंत वाचण्याची सवड आहे! त्या दिवसापासून कोणत्याही पेठेत साडी मांडण्यापूर्वी मी त्यांना तीनच गोष्टी विचारते : विकले तर किती, पोचविण्याचे किती, आणि परत आले तर किती.

सरकारनेही या पेठांना आपले वसुली-कारकून केले. १ ऑक्टोबर २०२० पासून पेठेने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का आयकर आधीच कापावा असे झाले. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो एक दशांश टक्का, म्हणजे हजाराला एक रुपया एवढा उतरला. पॅन अथवा आधार दिलेला असेल आणि वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल, तर घरगुती विक्रेत्याचा तोही कापावयाचा नाही. पॅन दिला नाही तर मात्र ५ टक्के जातात. आणि कापलेला पैसा बुडत नाही. आपल्या नावावर जमा असतो. विवरणपत्र भरले की वळता होतो अथवा परत मिळतो. आयकराच्या खात्यावर आपल्या नावापुढे एखादा आकडा दिसला म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो असे नाही. ती तर पट्टीवरची एक ओळ.

आपला हिशेब

आता वडिलांसारखे रकान्यांची नावे मोठ्याने वाचू. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक पेठेचे दर वेगळे असतात आणि बदलतातही.

समजा, ४०० रुपयांना घेतलेली एक जुनी साडी १,००० रुपयांना विकली. पेठेचे कमिशन १२ टक्के म्हणजे १२० रुपये. ठराविक फी २० रुपये. वाहतूक ७० रुपये. बेरीज २१० रुपये. या सेवांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, तो ३७ रुपये ८० पैसे. एकूण कापले २४७ रुपये ८० पैसे, आणि हाती आले ७५२ रुपये २० पैसे. ‘साडेसातशेच का’ याचे उत्तर हे. यात आपल्या साडीवरचा कर एक पैसाही नाही. जो आहे तो पेठेच्या फीवरचा. आपली नोंदणी नसल्याने तो परत मिळत नाही, म्हणून खर्चातच धरावा.

पुढे ७५२ रुपये २० पैशांतून साडीचे ४००, धुलाई-इस्त्रीचे ६० आणि बांधणीचे २५ वजा केले म्हणजे उरले २६७ रुपये २० पैसे. नफा हा. हजारही नव्हे आणि साडेसातशेही नव्हे.

आता एखादी साडी परत आली तर काय? दोन वेळचे भाडे १४०, त्यावर कर २५ रुपये २० पैसे, बांधणीचे २५. एकूण १९० रुपये २० पैसे गेले. म्हणजे एका परत आलेल्या साडीने दुसऱ्या साडीचा बहुतेक नफा खाल्ला. म्हणून डाग, विरलेला काठ, रफू हे फोटोत आधीच दाखवावे. त्यात सचोटी तर आहेच, वर १९० रुपयेही वाचतात.

वर्षभरात अशा ६० साड्या विकल्या आणि ५ परत आल्या, तर विक्री ६०,००० रुपये आणि नफा १५,०८१ रुपये. विक्रीवरच्या करासाठी पहावयाचा आकडा ६०,०००. त्याची मर्यादा ४० लाख. मिळकतीवरच्या करासाठी पहावयाचा आकडा १५,०८१. दुसरे काही उत्पन्न नसेल तर त्याची मर्यादा ४ लाख. दोन्हीकडे आपण दाराच्या कितीतरी बाहेर आहोत. बँकेचे व्याज, घरभाडे, शिवणकाम असे दुसरे उत्पन्न असेल तर ते यात मिळवून मग मर्यादा पहावी. आणि आकडे मर्यादेच्या जवळ जाऊ लागले तर आनंदच मानावा, पेढे वाटावेत आणि करसल्लागाराकडे जावे.

माझी वही साधी आहे. एका बाजूस घरच्या वापराच्या वस्तू, दुसऱ्या बाजूस विकत आणलेला माल. दर ओळीस तारीख, वस्तू, कितीला घेतली, कितीला विकली, पेठेने काय काय कापले, हाती काय आले. पेठेच्या पट्ट्या दर महिन्याला उतरवून ठेवते. या कामासाठी बँकेत स्वतंत्र खाते आहे, ते माझ्या एकटीच्या नावे. आठवड्याला अर्धा तास पुरतो. निवडायला घेतलेली मेथीची जुडीदेखील कधी कधी त्याहून जास्त वेळ खाते.

भगिनींनो, बोहारणीशी घासाघीस करणारी आपली आजी हिशेबात कच्ची नव्हती. तिच्यापाशी वही नव्हती आणि तिच्या हातात नाणे पडत नसे, पातेले पडे. आज आपल्या हातात नाणे पडते आणि ते आपल्या नावाच्या खात्यात जाते. ते केवळ न समजलेल्या चार रकान्यांच्या भीतीने सोडून द्यावे काय? ज्या दोघींनी विक्री बंद केली, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की येत्या गुरुवारी दुपारी आपली पट्टी घेऊन मंडळात यावे. मी माझी वही घेऊन येईन. आपण सगळ्याजणी एक एक रकाना मोठ्याने वाचू.